सुकलालमामांचा कोबी

सुकलालमामांच्या दुकानात मी दोन हिवाळे पोटभर जेवलो आणि फौजदाराने भर रस्त्यात विचारलं तेव्हा सांगितलं, की मी येथे भोजन करीत नाही. माझ्या आयुष्यात मी जी वाक्यं बोललो त्यांत इतकं शुद्ध, इतकं व्याकरणशुद्ध वाक्य दुसरं नसेल. घरी आम्ही अहिराणी बोलतो. खोटं बोलायला मात्र मला शाळेची भाषा लागली.

आता चाळिशी उलटली. वर्गात मुलांना खरं बोलावं असं शिकवताना जीभ अडखळते. म्हणून त्या माणसाबद्दल एकदा नीट लिहायचं ठरवलं आहे. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे, आणि ज्यांनी पाहिलं, खाल्लं आणि विसरल्याचं सोंग घेतलं, त्यांच्यासाठीही.

सुकलालमामा माझ्या आईच्या माहेरचे, तापीकाठच्या गावचे. गावच्या नात्याने मामा. आमच्यासारखेच गुजर, केळी-कापसाच्या घरातले. पण हे तरुणपणी घरात भांडून फौजेत गेले आणि तिथे लांगरी झाले, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. गुजराच्या पोराने फौजेत जाऊन बंदूक धरली असती तर गावाने पागोटं बांधलं असतं. याने झारा धरला. कोरियात लढाई पेटली तेव्हा आपल्या लष्कराची एक डॉक्टरी तुकडी जखमींसाठी तिकडे गेली, तिच्याबरोबर हेही गेले. परत आले तेव्हा डाव्या कानाची पाळी नव्हती. बर्फाने खाल्ली होती. कुणी विचारलं की म्हणत, "तेवढा तुकडा तठे ठेवी उनू. भाडं म्हनीसन."

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते नंदुरबारच्या स्टेशनसमोर. मी नुकताच शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागलो होतो, एका खोलीत एकटा राहत होतो आणि खानावळीच्या वरणाला कंटाळलो होतो. दिवाळी होऊन मिरचीचा हंगाम सुरू झाला होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की संध्याकाळनंतर सगळ्या गावाच्या घशात ठसका बसतो. तसाच खोकत मी रस्त्याने चाललो होतो. एका पत्र्याच्या शेडखाली पेट्रोमॅक्स जळत होता आणि खाकी कोट, कानटोपी घातलेला एक बुटका माणूस एका हमालाला वाडगा देत होता. दोन्ही हातांनी. देवाला नैवेद्य दाखवावा तसा, किंचित वाकून. घेणारा हमाल डोंगरातला भिल्ल होता. त्याला कुणी आजवर दोन्ही हातांनी काही दिलं नसावं. तोही गोंधळून दोन्ही हात पुढे करत होता.

"तू शांताबाईना पोऱ्या ना?" त्यांनी मला ओळखलं. "बठ, भाचा. खाय, मंग खोकल."

मी बसलो. त्यांनी पुढे वाडगा ठेवला. त्यात आपल्याच बायका वळतात त्या गव्हाच्या शेवया, पण गुळात नाही, दुधात नाही. कोंबडीच्या गरम रश्श्यात, वर कांद्याची पात. बाजूला एका बशीत लालभडक, ओलसर, आंबूस वासाचा पानकोबी. आणि बांबूच्या दोन काड्या.

"हाई काय?"

"हाई किमची. ह्या काड्या. आणि हाऊ तू. आता तिन्हीस्नी वळख करी ले."

काड्यांनी मला एकही शेवई उचलता आली नाही. शेजारी बसलेला दुसरा एक भिल्ल हमाल सफाईने खात होता. त्याने माझा हात धरून बोटं बसवून दिली. त्याचं नाव नुरजी. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरून हंगामात मिरचीच्या वखारीत पोती उचलायला यायचा. शाळामास्तराला त्या रात्री त्याने खायला शिकवलं. कोबीचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आमचीच मिरची, आमचाच लसूण, सुरतेकडून येणारी सुकट, तापीकाठचा कोबी. पण चव अशी, की आपल्याच घरात आपल्याला माहीत नसलेली एक खोली सापडावी. मी दुसरी बशी मागितली. तिसरीही.

"आवाज करीसन खाय," मामा म्हणाले. "मुकाट खादं तर चुल्हावालीले वाटस, बिचाराले आवडनं नही."

मग काय, रोज. शाळा सुटली, वह्या तपासल्या, की माझे पाय स्टेशनकडे वळायचे. आमच्या गावात रात्र म्हणजे दार लावून दिवा मालवणं. रात्रीही गाव जागं असू शकतं, आणि तेही चोरी किंवा भजन नसताना, हे मी त्या शेडखाली पाहिलं. सुरतेकडची गाडी आली की टांगेवाले यायचे. दुसरा खेळ सुटला की थिएटरचा दारवान यायचा, त्याच्या मागे पडद्यावरची गाणी गुणगुणत कॉलेज नसलेले कॉलेजकुमार. जत्रेच्या दिवसांत तमाशाचा एखादा ढोलकीवाला उतरायचा आणि वाडगा रिकामा झाला की तोच उपडा घालून बोटं चालवायचा. मामा तव्यावर कांद्याच्या पातीचं जाडसर धिरडं टाकायचे, ते कापून सगळ्यांच्या मध्ये ठेवायचे. वेगवेगळ्या बशा मागितल्या की रागवायचे. "तुम्ही काय दवाखानामा शेतस का? एकच ताट, भो. हात लांब करा."

त्या दुकानाचा एकच कायदा होता. चहा किटलीत यायचा, पण आपला कप आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा. आपला शेजारी भरील तेव्हा प्यायचा. कोण शेजारी बसला आहे हे पाहायचं नाही.

नवा माणूस सवयीने किटलीकडे हात न्यायचा. मामा झाऱ्याने टेबलावर टक करायचे. "ओ भाऊ! शेजारना उपाशी शे."

हा कायदा ऐकायला गमतीचा वाटतो. ज्यांना तो काळ माहीत आहे त्यांना वाटणार नाही. स्टेशनसमोरच्या दुसऱ्या हॉटेलात बाहेर खुंटीला कप टांगलेले असत. ते कुणासाठी हे सांगावं लागत नसे. सरकारचा कायदा झाला होता, आणि कायदा झाल्यावरही ते कप टांगलेलेच होते. फक्त खुंटी मागच्या बाजूला गेली होती. मी त्या हॉटेलासमोरून रोज जात होतो आणि मला राग येत नव्हता. त्याचा आज राग येतो.

एकदा मी मामांना विचारलं, हा कायदा तुम्ही कुठून आणला? त्यांनी विडी पेटवली. एरवी गप्पांत कोरिया निघाला की ते थट्टा करून मोकळे होत. त्या दिवशी थोडं बोलले. तुकडी देगू नावाच्या शहरात होती. उत्तरेकडून घरदार टाकून आलेली माणसं तिथे गल्लीगल्लीत भरली होती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी कामाला होती. तिला ते 'हालमोनी' म्हणायचे, आजी. रात्री सुट्टी असली की ती त्यांना बाजारात घेऊन जायची. दिव्यांच्या उजेडात टपऱ्या, वाफा, फळकुटांची बाकं.

"घर गयं, गाव गयं, पोऱ्या गयात," मामा म्हणाले. "पन रातले चुल्हा पेटे. कोन कोना, कोनले माहीत नही. जो जोडे बठना, तो आपला. ती डोकरी मन्हा कप भरे, मी तिन्हा. मी तिले एकदाव म्हन्तं, आजी, तू कोन जातनी? तिले समजनंच नही. तिले वाटनं, मी इचारी ऱ्हायनू, तुन्हं गाव कोनतं."

ते हसले. मग विडी विझवून म्हणाले, "मले तव्हयच समजनं. हाई दुकान मी घर जाइसन टाकसु."

म्हणजे ते दुकान त्यांनी पोटासाठी टाकलं नव्हतंच. पेन्शन नव्हती, पण गावी शेतीचा वाटा होता. त्यांना नंदुरबारच्या एका रस्त्यावर, रोज रात्री, काही तास तरी, शेजाऱ्याचा कप भरणारी माणसं हवी होती. एवढंच हवं होतं. आमच्या गावाने तेवढंही दिलं नाही.

कोबीची गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच मोडलं. किमची जमिनीत पुरून ठेवावी लागते. कोबी मिठात मुरवायचा, प्रत्येक पानाला मिरची-लसणाचा गोळा फासायचा, मडक्यात दाबून भरायचा आणि मडकं गळ्यापर्यंत जमिनीत. आपल्याकडे उन्हाळ्यात ती होतच नाही, फक्त हिवाळ्यात. दुसऱ्या हिवाळ्यात शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत खड्डा मी खणला. मी आणि नुरजीने. मामा वर उभे राहून फौजेतल्या आवाजात हुकूम सोडत होते, "आजून एक हात! मास्तर, खडू धरी ऱ्हायना का कुदळ?" मडकी आत गेली, झाकणं बसली, माती लोटली. मी घामाघूम. मामांनी माझ्या तोंडात एक कोवळं पान कोंबलं, नुसतं मीठ लावलेलं. "हाई तुन्ही मजुरी."

आता हेही सांगायला हवं, की आमच्या भागात जमिनीत पुरलेलं, आंबलेल्या वासाचं, झाकलेलं मडकं म्हणजे एकच गोष्ट. मोहाचा सडवा. मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि डोंगरात, शेतात, ओढ्याकाठी मोहाची फुलं अशीच मडक्यांत आंबत पडलेली असत. पोलीस काठीने जमीन ठोकत फिरायचे. पोकळ आवाज आला की खणायचे. ज्याला किमची माहीत नाही त्याने ती दारू समजली तर मी त्याला दोष देणार नाही. पण ज्यांना माहीत होती त्यांचं काय?

हिरालालशेठला माहीत होती. मिरचीचे मोठे व्यापारी, आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरी मामांच्या कोबीचं एक भांडं मागच्या दाराने नेमाने जायचं. त्यांचा मुनीम न्यायला यायचा आणि म्हणायचा, "मोठ्या आईंना अन्नाला चव नाही, त्यांच्यासाठी." ती मोठी आई कधीच वारली होती.

एके रात्री थिएटरमधून परतताना शेठ स्वतः आले. थंडी होती, वास सुटला होता, मोह झाला असेल. पांढरं धोतर सावरून बाकावर बसले. शेवया खाल्ल्या. कोबी दोनदा घेतला. मी समोरच होतो, उठून नमस्कार केला. मग चहा आला. शेठनी किटलीकडे हात नेला आणि मामांचा झारा टक झाला.

"शेठ, आठे आपला कप आपण भराना नही."

"असं का?" शेठ हसले. "मग कोण भरणार?"

त्यांच्या शेजारी नुरजी बसला होता. त्यांच्याच वखारीतला हमाल. त्याने किटली उचलली, दोन्ही हातांनी धरली, आणि शेठचा कप भरला. एक थेंब सांडू दिला नाही.

सगळे बघत होते. शेठ त्या कपाकडे बघत राहिले. मग कप उचलून त्यांनी शांतपणे चहा जमिनीवर ओतला आणि कप उपडा ठेवला.

मामा चुलीपासून उठून आले. त्यांनी कप उचलला, फडक्याने पुसला, सरळ ठेवला. "शेठ, नही पेवाना तर ठेवी द्या. सांडानं नही. मी जठे व्हतू ना, तठे गरम पानीसाठे लोक मरेत."

आवाज चढवला नव्हता. शेठ उठून निघून गेले. टांगेवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "फौजी, तुन्हं काही खरं नही आता." मामांनी त्याच्यासमोर धिरड्याचा तुकडा सरकवला. "खाय, भो. थंडं व्हई ऱ्हायनं."

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा शेडसमोर गर्दी होती. फौजदार, शिपाई, आणि थोड्या अंतरावर, हात मागे बांधून, शेठ. मागची माती उकरलेली होती. मडकी बाहेर काढून रस्त्यावर आणली होती. मामा खाकी कोट घालून ताठ उभे होते, सावधान पवित्र्यात, जणू तपासणी चालू आहे.

"सडवा आहे हा," फौजदार म्हणाला. "वास बघा."

"साहेब, पानकोबी शे. चाखी देखा."

"मी सडवा चाखू?"

तेव्हा नुरजी पुढे आला. पोतं उचलणारा माणूस, पोलिसाकडे मान वर करून न बघणारा. तो म्हणाला, "साहेब, दारू नही. भाजी शे. मी रोज खास. खड्डा मीच खंदा."

फौजदाराने त्याच्या कानफटात मारली. "दारूचा खड्डा तू नाही खणणार तर कोण खणणार?" आणखी एक मारली. शिपायाने दंडुका घातला. भिल्लाने सांगितलं ते खरं असू शकतं हे कुणाच्या मनातही आलं नाही. उलट त्याने सांगितलं म्हणून ती दारू ठरली.

मग मामांनी गर्दीकडे पाहिलं. टांगेवाले होते, थिएटरचा दारवान होता, गाणी गुणगुणणारी पोरं होती. एकेकाच्या तोंडाला अजून लसणाचा वास असेल. सगळे जमिनीकडे बघत होते. मामांची नजर माझ्यावर आली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मला ते आजही दिसतं. "साहेब, हाऊ मन्हा भाचा. शायमा मास्तर शे. याले इचारा."

फौजदाराचा सूर बदलला. "सांगा मास्तर. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही इथे खाता? काय असतं या मडक्यात?"

मला एकच शब्द सांगायचा होता. कोबी. दोन अक्षरं. मी शेठकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, आकाशाकडे पाहत होते. मार्च संपला की माझी नोकरी कायम होणार होती, किंवा नव्हती. नुरजीच्या ओठातून रक्त येत होतं आणि तोही माझ्याकडे बघत होता. ज्याने माझी बोटं काड्यांवर बसवली तो.

"मी येथे भोजन करीत नाही," मी म्हणालो. "मला काही ठाऊक नाही."

मडकी तिथेच फोडली. लाल पाणी रस्त्यावरून गटारीकडे गेलं, कोबीची पानं मातीत पसरली. ती पानं बघूनसुद्धा कुणी म्हणालं नाही की अहो, ही पानं आहेत, मोहाची फुलं कुठे आहेत? फौजदार आंधळा नव्हता. शेठ आंधळे नव्हते. आम्ही कुणीच आंधळे नव्हतो. याचा मला राग येतो, आणि तो राग मी कुणावर काढू हे मला कळत नाही, कारण त्या गर्दीत सर्वांत चांगलं दिसत होतं ते मला.

मामांना आणि नुरजीला कोठडीत ठेवलं. पुढे खटला उभा राहिलाच नाही. राहणार कशावर? कोबीवर? त्यांना सोडून दिलं, पण शेड तोवर मोडली होती. ती जागा नगरपालिकेला हवी होती म्हणे.

मी त्यांना भेटायला गेलो नाही. ते मला बसथांब्यावर दिसले. अक्कलकुव्याची गाडी लागली होती. एक पोतं, एक तवा, खाकी कोट. बरोबर नुरजी. मला पळून जावंसं वाटलं, पण त्यांनी हाक मारली.

"भाचा! नोकरी पक्की व्हयनी का?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी बरा झालो असतो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मान हलवली, म्हणजे होईल. "बरं व्हयनं," ते म्हणाले. "शांताबाईले बरं वाटी." आणि गाडीत चढले.

नोकरी कायम झाली. लग्न झालं, मुलं झाली. हिवाळ्यात बायको कोबीची भाजी करते तेव्हा मी पोळी लोणच्याशी खातो. तिने कारण विचारलं, मी पोट दुखतं म्हणालो. खोटं बोलायची सवय एकदा लागली की घरातही पाय पसरते.

असंच चाललं असतं. पण साठाच्या दशकाच्या अखेरीस हिरालालशेठ वारले. शाळेत शोकसभा झाली. भाषण करायला मला सांगितलं, कारण माझी मराठी चांगली. मी बोललो. शेठ सर्वांना सामावून घेणारे होते, असं मी बोललो. लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर पानाच्या दुकानाशी थांबलो तर जुनी मंडळी जमली होती. थिएटरचा दारवान आता म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "पन ते काही म्हना, फौजीना कोबी! तशी चव परत नही." टांगेवाला म्हणाला, "हट! शेवया जास्त भारी व्हत्यात." दुसरा म्हणाला, "काय रात व्हती भो त्या!" सगळे हळहळले. जणू ते दुकान पुरात वाहून गेलं होतं. जणू ते कुणी फोडलंच नव्हतं.

मला संताप आला. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. मी ओरडणार होतो, की तुम्ही सगळे तिथे उभे होतात! आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं, की आत्ताच तासाभरापूर्वी मी शेठना सर्वांना सामावून घेणारे म्हणालो आहे. मी तोंड मिटलं. त्या रविवारी मामांना शोधायला नुरजीच्या मोलगीची वाट धरली.

अक्कलकुव्यापर्यंत बस, पुढे घाटात सागाच्या ट्रकमध्ये, शेवटी पायी. बाजाराचा दिवस होता. डोंगरातून माणसं उतरली होती, डोक्यावर टोपल्या, कमरेला कोयते. बाजाराच्या टोकाला सागाच्या पानांचं छप्पर आणि त्याखाली तोच तवा. मामा खूप खंगले होते. गुडघे गेले होते, उठता येत नव्हतं. पण कानटोपी तीच. समोर चार-पाच पावरा आदिवासी माणसं बसली होती आणि एकमेकांचे कप भरत होती.

"भाचा," ते म्हणाले. ओळखायला क्षणही लागला नाही. "बठ. खाय, मंग बोल."

पुढे कोबी आला. दोन्ही हातांनी. डोंगरात थंडी जास्त, म्हणून इथे तो जास्त दिवस टिकतो, ते म्हणाले. इथे पोलीस जमीन ठोकत येत नाहीत का, मी विचारलं. येतात, ते म्हणाले, पण इथले लोक सगळे एकदम बोलतात. पोलीस किती जणांना मारणार?

मी खाऊ शकत नव्हतो. काड्या बशीवर ठेवल्या. मी त्यांच्या गुडघ्यांना हात लावला आणि वर्षानुवर्षं पाठ केलेलं सगळं बोलू लागलो. मामा, मी चुकलो, मी भ्यालो, मला क्षमा करा. त्यांनी ऐकून घेतलं. मग चुलीत लाकूड सरकवलं.

"मले माफी मांगीसन काय उपेग? मन्हं काय गयं? मडकं गयं. मडकं कुंभार दुसरं देस." त्यांनी बशी पुन्हा माझ्याकडे सरकवली. "मार नुरजीनी खादा. खरं बोलीसन खादा. त्याले सांग. आणि आठे नको सांगू. आठे कोनले काय माहीत? जठे खोटं बोलना, तठे खरं बोल."

"लोक हसतील, मामा."

"हसू दे," ते म्हणाले. "कानना तुकडा गया तरी मानूस जगस."

नुरजी अजूनही हंगामाला खाली येतो, हे मला त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं तो माझ्याच गावात पोती उचलत होता आणि मी ती वखार टाळून वळसा घेऊन जात होतो. निघताना मामांनी एक लहान मडकं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "रिकामा हातवरी बोलू नको. लोकेसले खावाडी दे आदुगर." हीच आमची शेवटची भेट. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा नदीनाल्यांना पाणी होतं, मला जाता आलं नाही.

पण त्यांनी सांगितलं ते काम मी तेव्हा करून चुकलो होतो. मोलगीहून परतलो त्याच आठवड्यात, दुसरा खेळ सुटायच्या वेळेला, स्टेशनसमोरच्या पानाच्या दुकानाशी मी ते मडकं उघडलं. वास सुटला तसे लोक वळले. दारवान आला, टांगेवाला आला. "फौजीना कोबी!" कुणीतरी ओरडलं. नुरजीला मी वखारीतून बोलावून आणलं होतं. त्याचे केस पिकले होते. येताना त्याने कशाला हे विचारलं नाही. पोलीस असेल का, एवढंच विचारलं. मी त्याला बाकावर बसवलं, चहाची किटली मागवली, दोन्ही हातांनी धरली आणि त्याचा कप भरला. थोडा सांडला. दारवान हसून म्हणाला, "मास्तर, आज काय शे? लगीन का?"

मी उभा राहिलो. पहिल्यांदा तोंडात शाळेची भाषा आली. ती मी गिळली.

"तुम्हले सगळास्ले माहीत शे," मी म्हणालो. "तरी सांगस. मी बी आठे खादं शे. दोन हिवाया रोज खादं. तो खड्डा मी बी खंदा. त्या मडकामा कोबी व्हता, हाऊच कोबी, आणि माले माहीत व्हतं. नुरजी खरं बोलना, म्हनीसन त्याले मार पडना. मी खोटं बोलनू, म्हनीसन मन्ही नोकरी पक्की व्हयनी. नुरजीभाऊ, तो मार मन्हा व्हता. मन्हं चुकनं. माले माफ कर."